मॅनेजर झाल्यावर कोडिंग सुटतं का, आणि सुटलं तर दिवसभर करायचं काय?

सात वर्षं बॅकएंडला, म्हणजे सर्व्हरच्या बाजूचा कोड लिहिण्यात, काढल्यावर आता कंपनी इंजिनिअरिंग मॅनेजर व्हायला सांगतेय, आणि कोडिंग हातचं जाईल अशी तुम्हाला भीती वाटतेय. मी पुण्यात बरीच वर्षं हेच काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कोडिंग बरंचसं सुटतं. पाच-सहा जणांची टीम असेल तोवर आठवड्यातून एखादा दिवस हाती लागतो. टीम दहाच्या वर गेली की तोही जातो. काही जण रात्री जागून दोन्ही निभावतात, मला ते पटत नाही. मॅनेजरने महत्त्वाचं फीचर स्वतःकडे ठेवलं की तो मीटिंगांमध्ये अडकतो आणि अख्खी टीम त्याच्या पुल रिक्वेस्टची (लिहिलेला कोड मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीची) वाट बघत बसते. घ्यायचंच असेल तर ज्यावर कुणाचं अडणार नाही असं काम घ्या: राहून गेलेल्या टेस्ट, एखादा डॅशबोर्ड. कोड वाचणं मात्र अजिबात सोडू नका. ते सुटलं की कुठलं एस्टिमेट खरं आणि कुठलं फुगवलेलं, हे कळेनासं होतं.

कॅलेंडर स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग), प्लॅनिंग, इंटरव्ह्यू, वन-ऑन-वन (एकेकाशी वेगळं बोलणं) यांनी भरलेलं असतं. क्लायंट अमेरिकेतला असेल तर रात्रीचा कॉलही असतो, आणि तिकडचं घड्याळ बदललं की नोव्हेंबरात तो आणखी तासभर उशिरा जातो. पण या सगळ्याच्या मुळाशी मला एकच काम दिसतं: वाईट बातमी तुमच्यापर्यंत वेळेत पोहोचली पाहिजे.

गिटलॅब या टीमचा कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीचं उदाहरण घ्या. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांचा एक इंजिनिअर डेटाबेसचं रेप्लिकेशन, म्हणजे दुय्यम सर्व्हरवर होणारी त्याची नक्कल, दुरुस्त करत होता. दुय्यम सर्व्हरवर आहोत असं समजून त्याने मुख्य सर्व्हरवरचीच डेटा डिरेक्टरी उडवली. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी उरलं होतं. खरा धक्का पुढे होता. रोजचा बॅकअप व्हर्जनच्या घोळामुळे होतच नव्हता, आणि तो फसल्याचे ईमेल मेल सर्व्हर नाकारत असल्याने कुणापर्यंत पोहोचलेच नव्हते. कुणीतरी सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) घेतला होता, त्यावर निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने सगळी हकीकत जाहीरपणे मांडली आणि त्या इंजिनिअरचा बळी न देता बॅकअपची जबाबदारी नेमकी कुणाची, हा प्रश्न ऐरणीवर घेतला. मला हे वागणं फार मोलाचं वाटतं. चूक करणाऱ्याला चारचौघांत झापलं की पुढच्या वेळी टीममधलं कुणी तोंड उघडत नाही.

आणि एरवीही माणसं सहजासहजी बोलत नाहीत. वन-ऑन-वनमध्ये ‘कसं चाललंय?’ विचारलं की ‘सगळं ठीक’ एवढंच येतं. मी विचारते, ‘या रिलीजमध्ये तुला कशाची धास्ती वाटते?’ एकदा एक ज्युनिअर मुलगा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘मॅम, ऑर्डर्सच्या टेबलचं मायग्रेशन आपण फक्त स्टेजिंगवर चालवलंय. तिथे डेटाच नाहीये फारसा.’ मायग्रेशन म्हणजे टेबलची रचना बदलणं, आणि स्टेजिंग म्हणजे चाचणीचा सर्व्हर. प्रॉडक्शनच्या, म्हणजे खऱ्या वापरातल्या डेटाच्या, आकाराच्या कॉपीवर चालवून बघितलं, तर टेबल इतका वेळ लॉक राहत होतं की तेवढा वेळ एकही ऑर्डर गेली नसती. रिलीज पुढे ढकललं. स्टँडअपमध्ये, सगळ्यांसमोर, तो हे कधीच बोलला नसता. प्रॉडक्ट मॅनेजरची नाराजी त्याच्यापर्यंत जाऊ न देणं, हेही माझंच काम होतं.

वरच्यांशी बोलायला तुमचं तांत्रिक ज्ञान इथे कामी येतं. सेल्सवाले क्लायंटला ९९.९९ टक्के अपटाइम (सिस्टिम चालू राहण्याचा वेळ) सहज कबूल करून बसतात. हिशोब मांडून दाखवा: ९९.९ म्हणजे ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा, ९९.९९ म्हणजे जेमतेम सव्वाचार मिनिटं. रात्री तीनला फोन वाजून, माणूस उठून, व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित कनेक्शन) लागेपर्यंतच तेवढी संपतात. मग बिघाड झाल्यावर सिस्टिम आपोआप सावरेल अशी रचना हवी, आणि तिला पैसा आणि महिने दोन्ही लागतात. तसंच, डेडलाइन हुकायला लागली की ‘बेंचवरची (सध्या प्रोजेक्ट नसलेली) चार मुलं देतो’ अशी ऑफर येते. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. नव्यांना शिकवायला तुमचीच जुनी, कामाची माणसं अडकतात. मी अशी ऑफर शेवटच्या महिन्यात घेत नाही.

सगळ्यात जड जातं ते अप्रेझल. चांगलं काम केलेल्या माणसाला ‘यंदा रेटिंग एवढंच’ हे तोंडावर सांगावं लागतं, आणि सांगताना ‘वरून आलंय’ म्हणून हात झटकता येत नाहीत. याची तयारी कुणीच करून घेत नाही.

म्हणून हो म्हणण्याआधी कंपनीला तीन गोष्टी विचारा. टीममध्ये कुणाला घ्यायचं हे तुम्ही ठरवणार का? रेटिंग ठरवताना तुमचा शब्द चालणार का? आणि वर्षभरात हे काम रुचलं नाही तर त्याच पगारावर सीनिअर किंवा स्टाफ इंजिनिअर (सीनिअरच्या वरची, मॅनेजर नसलेली तांत्रिक पायरी) म्हणून परत येता येईल का? पहिल्या दोन्हींना नकार मिळाला तर मी तुमच्या जागी ही जबाबदारी घेणार नाही, कारण मग हातात फक्त स्टेटस रिपोर्ट उरतात. तिसऱ्याचं उत्तर ईमेलवर लेखी घ्या.