पाहुण्या चित्राशेजारी काय लावशील?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

उसनं चित्र येणार म्हणून संग्रहालयात तुम्हा सगळ्यांची धावपळ चालली आहे, असं तू लिहिलंस. पेटी, विमा, दालनातली आर्द्रता हे बघायला तुझे वरिष्ठ आहेत. तू मात्र एक काम आजच हाती घे: त्याच्या शेजारी आपल्या संग्रहातलं काय लावायचं ते ठरव. माझ्या मते निम्मं प्रदर्शन तिथेच ठरतं.

कॅलिफोर्नियात पॅसाडिनाला नॉर्टन सायमन म्युझियम आहे. त्यांच्याकडे डच चित्रकार व्हॅन गॉगनं १८८८च्या ऑक्टोबरात, फ्रान्समधल्या आर्लमध्ये रंगवलेलं आईचं चित्र आहे. आई समोर नव्हती, फोटोवरून काढलंय. तो बिनरंगी फोटो त्याला सोसवेना, म्हणून आठवणीतल्या रंगांत तिला रंगवू बघतोय, असं त्यानं भावाला, थिओला कळवलं होतं. चेहरा हिरवट, मागची भिंतही हिरवी. एकटंच पाहिलं तर एक नीटनेटकी, शांत बाई दिसते आणि आपण पुढे सरकतो.

२०१२च्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतून त्याचं १८८९चं आत्मचित्र तिथे काही महिने आलं. फ्रान्समधल्याच सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात, आजाराच्या मोठ्या झटक्यातून उठल्यावर काढलेलं. हातात पॅलेट, अंगात निळा अंगरखा, मागे काळपट जांभळा-निळा, आणि ओढलेल्या चेहऱ्यावर पुन्हा तीच हिरवी झाक. दोन्हींचे मोठे फोटो शेजारी ठेवून बघ. आईच्या हिरव्याकडे मग नुसती रंगाची लहर म्हणून बघता येत नाही. नॉर्टन सायमनमधलंच त्याचं पिवळंधमक तुतीचं झाडही बघ. तेही सेंट-रेमीचंच, या आत्मचित्रानंतर थोड्याच आठवड्यांत रंगवलेलं. त्या चेहऱ्याच्या माणसानं इतकं पेटलेलं झाड रंगवलं, हे कळलं की मी तरी त्या झाडापुढून लवकर हलत नाही.

लोक मोठं नाव वाचून येतील, येऊ देत. पण पाहुण्याला एकट्याला मोठी भिंत आणि घरची चित्रं कोपऱ्यात, असं कोणी सुचवलं तर तू स्पष्ट विरोध कर. लहान आहेस म्हणून गप्प बसू नकोस.

आपल्या जुन्या चित्रांची लेबलंही नव्यानं लिही. शेजारच्या चित्रात नेमकं कुठे बघायचं, ते दोन ओळींत सांग. चित्रकाराचं चरित्र नको. पाहुणं चित्र परत गेल्यावर त्यातलं जे खरं ठरलं, ते कायमच्या लेबलात घाल. नाहीतर एवढा खटाटोप त्या काही महिन्यांपुरताच राहील.

मसुदा झाला की पाठव. वाचून लगेच कळवते.

तुझी,
बाई