टीबीत हिरवी उलटी: दर वेळी दोष गोळ्यांचाच नसतो

प्रश्न: भावाला फुप्फुसाचा टीबी आहे, पार वाळलाय. दोन घास खाल्ले की पोट फुगतं आणि थोड्या वेळाने हिरवी उलटी. घरचे म्हणतात गोळ्या सोसत नाहीत.

असूही शकतं. रिफाम्पिसिन, पायराझिनामाइडने मळमळ होते, लिव्हरला त्रास झाला तरी उलट्या होतात, म्हणून एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) करून घ्याच. पण दर जेवणानंतर हिरवी उलटी आणि डाव्या कुशीवर झोपलं किंवा गुडघे छातीशी घेतले की बरं वाटतं, असं असेल तर एसएमए सिंड्रोमची शंका घ्यावी. महाधमनीतून आतड्याला रक्त देणारी एक धमनी (सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरी, म्हणजेच एसएमए) निघून खाली उतरते, त्या दोघींच्या मधून ड्युओडेनमचा, म्हणजे जठरानंतरच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याचा, तिसरा भाग आडवा जातो, आणि तिथे चरबीची गादी असते. टीबीत माणूस झपाट्याने उतरला की ही गादीच विरघळते नि आतडं चिमट्यात सापडतं. पित्त त्याच्या वरच मिसळलेलं असतं म्हणून उलटी हिरवी. दुर्मिळ आहे, म्हणूनच गोळ्यांवर ढकललं जातं.

प्रश्न: सोनोग्राफी, एन्डोस्कोपी नॉर्मल आली. मग?

दाब बाहेरून असतो, त्यामुळे दुर्बिणीत काही न दिसणं शक्य आहे. कॉन्ट्रास्ट सीटी (रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन) करा. या दोन धमन्यांमधलं अंतर एरवी साधारण 10 ते 28 मिमी असतं, इथे 8 च्या खाली येतं, त्यांच्यातला कोनही 22-25 अंशांपेक्षा कमी होतो. अर्थात नुसत्या आकड्यावर जाऊ नका, सडपातळ धडधाकट माणसातही कोन लहान असतो, वरचं आतडं फुगलेलं दिसायला हवं. ड्युओडेनमचाच टीबी किंवा बाहेरून दाबणाऱ्या गाठी नाहीत ना हेही त्यातच कळतं.

प्रश्न: ऑपरेशन लागेलच का?

बहुतेकदा आधी वजन वाढवून बघतात. नाकातून नळी घालून पोट रिकामं करायचं, सलाईनने क्षार भरून काढायचे, आणि दुसरी बारीक नळी अडथळ्याच्या पुढे नेऊन आहार द्यायचा, तोही हळूहळू, कारण उपाशी शरीराला एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फेट धोकादायक उतरतं. नाहीच जमलं तर ड्युओडेनम पुढच्या आतड्याला जोडतात, दुर्बिणीतूनही होतं.

प्रश्न: गोळ्या बंद ठेवू का? तूप-केळी चालू करू?

मनाने बंद नको. गोळी उलटून पडत असेल तर टीबी केंद्रात सांगा, ते पर्याय बघतील. आणि रस्ता बंद असताना तोंडाने तूप कोंबू नका, आधी सर्जनला दाखवा.