काढू नका म्हणताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेलं भाषण काल रात्री दोनदा वाचलं. टोरांटोत येऊन तुला वर्षही झालं नाही, आणि ब्लूर रस्त्यावरची सायकल लेन राहावी म्हणून तू रहिवाशांच्या सभेत बोलायला उभी राहतेस, याचा मला फार आनंद झाला. पण पहिली दोन पानं गाडीवाल्यांना झोडपण्यात गेली आहेत. ती काढून टाक. बोलायला पाच मिनिटं मिळणार, आणि समोर बसलेले निम्मे लोक गाडीनंच आलेले असणार.

तुला जार्व्हिस रस्त्याची गोष्ट सांगतो. तिथं २०१० साली सायकल लेन आखली. आठ तासांत जिथं २९० सायकली मोजल्या होत्या, तिथं नंतर ८९० भरल्या. हा आकडा महापालिकेच्याच अहवालातला. तरीही २०११ मध्ये लेन काढण्याचा ठराव झाला, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये पट्टे खरवडणारा ट्रक आला. काही जण त्याच्यासमोर रस्त्यावर बसले. मी फुटपाथवर उभा राहून बघत होतो, बसायचं धाडस झालं नाही. रंग निघून गेला, पण डांबरावर त्याची फिकट रेघ उरली. पुढे कितीतरी दिवस मी सवयीनं त्या रेघेच्या आतूनच सायकल चालवायचो, आणि मागून हॉर्न वाजायचा. लेन कालपर्यंत होती हे माझ्या हातांना ठाऊक होतं, मागच्या गाडीला नव्हतं.

आकडे होते, विरोध होता, तरी हरलो. ठराव करणाऱ्यांना आकड्याचं उत्तर द्यावं लागेल अशी जागाच तेव्हा आमच्याकडे नव्हती. ती २०२४ नंतर कोर्टात मिळाली.

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ओंटारियो प्रांताच्या सरकारनं कायदा केला: ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवरच्या लेन काढायच्या. मिळून सुमारे १९ किलोमीटर. लेन काढल्यावर कुणी जखमी झालं तर सरकारवर दावा लावता येणार नाही, असं कलमही त्यात घातलं. ते कलम वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही. सायकल टोरांटो ही संस्था आणि दोन सायकलस्वार कोर्टात गेले. एप्रिल २०२५ मध्ये लेन काढायला स्थगिती मिळाली, आणि ३० जुलैला निकाल लागला की अशा रीतीनं लेन काढणं हे कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतल्या सातव्या कलमाचा, म्हणजे जीविताच्या आणि शारीरिक सुरक्षिततेच्या हक्काचा भंग आहे. सरकारनं स्वतः नेमलेल्या तज्ज्ञांनीच सांगितलं होतं की लेन काढून कोंडी सुटेल असं दिसत नाही. कोर्टानं नेमकं त्यावर बोट ठेवलं. सरकार अपिलात गेलं.

आता नीट लक्ष दे, कारण तुझ्या भाषणात इथंच गफलत झाली आहे. ‘सायकल लेन हा आमचा हक्क आहे, असं कोर्टानं सांगितलं,’ असं तू लिहिलंस. कोर्टानं तसं सांगितलेलं नाही. शहरानं लेन बांधलीच पाहिजे, असं त्या निकालात कुठंही नाही. जी आहे, जिच्यामुळे माणसं वाचतात, ती काहीही पदरात पडणार नाही हे माहीत असताना काढून लोकांना धोक्यात लोटू नका, एवढंच कोर्ट म्हणालं. ‘द्या’ आणि ‘काढू नका’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत. तू दुसरी कर. ऐकणाऱ्यालाही ती पटते, कारण तू त्याच्याकडे नवीन काही मागत नाहीस.

गाडीवाल्यांचा वेळ वाढला, हे खोटं आहे असं मुळीच म्हणू नकोस. २०१६ मध्ये ब्लूरवर लेन प्रथम प्रायोगिक म्हणून आली तेव्हा संध्याकाळच्या गर्दीत गाड्यांना सुरुवातीला सुमारे आठ मिनिटं जास्त लागत होती. सिग्नलची वेळ बदलली, आखणी सुधारली, आणि ती वाढ चारवर आली. सायकली ४९ टक्क्यांनी वाढल्या. हे सगळं सांग, चार मिनिटांसकट. समोरच्याला रोज खटकणारी गोष्ट तूच आधी मान्य केलीस की तो पुढचं ऐकतो.

दुकानदारांशी मात्र सभेच्या आधीच बोल. ‘गाडीचं गिऱ्हाईक तुटेल’ ही त्यांची भीती खरी असते. भाडं दर महिन्याला द्यायचं असतं त्यांना. २००९ मध्ये ब्लूरच्या अ‍ॅनेक्स भागातल्या पाहणीचा अहवाल आला, त्यात गाडीनं येणारं गिऱ्हाईक दहात एक निघालं. पण हा आकडा त्यांच्या तोंडावर फेकू नकोस. एका शनिवारी परवानगी घेऊन दाराशी उभी राहा, येणाऱ्या प्रत्येकाला ‘कसे आलात?’ एवढंच विचार, आणि वही दुकानदाराच्या हातात दे. मी असं एकदा केलं होतं. त्या गृहस्थांनी पानं उलटून पाहिली, काही बोलले नाहीत, पण लेनविरोधी फलक काचेवरून उतरवला.

पुण्याचं उदाहरण देणार आहेस, ते ठेव. फक्त बरोबर दे. सातारा रस्त्यालगतचे बीआरटीसोबतचे, म्हणजे बससाठी राखलेल्या मार्गालगतचे, सायकल ट्रॅक कायदा करून कुणी काढले नाहीत. कुठं दुचाक्या लागल्या, कुठं टपरी आली, कुठं ट्रॅक मध्येच संपला. ट्रक आला असता तर त्याच्यापुढे कुणी बसलं असतं, पण तसा एखादा दिवस उजाडलाच नाही. म्हणून इथं एखादा डंपस्टर, म्हणजे कचऱ्याची मोठी लोखंडी पेटी, लेनमध्ये ठेवलेला दिसला तरी लगेच फोटो काढून महापालिकेच्या ३११ क्रमांकावर तक्रार कर. जुलै २०२४ मध्ये ब्लूरवरच बांधकामाच्या डंपस्टरनं लेन अडवली होती. सायकलवरची चोवीस वर्षांची मुलगी बाहेरच्या गाड्यांत शिरली आणि ट्रकखाली गेली. तुझ्याहून वर्षानं मोठी.

तिच्यासाठी पांढरी रंगवलेली सायकल लावली होती, त्या ठिकाणी आपण दोघं एकदा जाऊ. भाषणात तिचं नाव घेऊ नकोस. तिचे घरचे कुठं बसले असतील, सांगता येत नाही.

दुसरा खर्डा रविवारपर्यंत पाठव. दीड पानाच्या आत.

तुझा,
काका