फर्मवेअरची फाइल कुणी पाठवली?

देवगडच्या एका वाचकांनी गेल्या जुलैत सौर पॅनेल, बॅटरी आणि ग्रिड तिन्हींवर चालणाऱ्या ५ किलोवॅटच्या हायब्रिड इन्व्हर्टरचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायला घेतलं. मध्येच वीज गेली आणि इन्व्हर्टर कायमचा बंद पडला. कंपनी म्हणते, अनधिकृत व्यक्तीने फर्मवेअर बदलले, सबब वॉरंटी रद्द. अशी पत्रं पावसाळ्यानंतर येतातच.

वॉरंटीची सगळी पानं पाठवलीत, पण फर्मवेअर बदलण्याच्या अटीतले कामाचे शब्द एवढेच: ‘कंपनी किंवा तिच्या अधिकृत सेवा-प्रतिनिधीच्या सूचनेशिवाय’. बटण तुम्ही दाबलंत, हे सरळ मान्य करा. फाइल आणि ‘आता अपडेट मारा’ हा निरोप डीलरने व्हॉट्सअॅपवर पाठवला, हे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिता. अहो, तीच तर तुमची केस! डीलर अधिकृत असल्याचा पुरावा बिलावर किंवा वॉरंटी कार्डाच्या शिक्क्यात शोधा. तो अधिकृत नसेल, तर कंपनीविरुद्ध फार आशा दाखवणार नाही; मग डीलरच्या सदोष सेवेवरच भर द्यावा लागेल.

चॅट मीडियासकट एक्स्पोर्ट करा, मूळ फाइल नाव न बदलता ठेवा आणि तो फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आत्ताच तयार करून घ्या. इन्व्हर्टर ‘बघून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नका. त्याने नवी फाइल चढवली की जुना इव्हेंट लॉग, म्हणजे कधी काय घडलं याची आतली नोंद, गेलाच समजा. ग्राहक आयोगाला इन्व्हर्टर तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवता येतो. त्याआधी झाकण उघडलं गेलं, तर खाऱ्या हवेच्या गंजाचा मुद्दा समोरच्याला आयता मिळेल.

ती अट अन्याय्य आहे, असा वाद जिल्हा आयोगात घालू नका. अन्याय्य कराराची तक्रार राज्य आयोगात जाते. ‘अट मला लागूच होत नाही’ एवढंच म्हणा. तक्रार ओरोसच्या जिल्हा आयोगात, ई-जागृती पोर्टलवरूनही करता येते. ५ लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क नाही. मुदत ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे २ वर्षं. ती इन्व्हर्टर बंद पडल्याच्या तारखेपासूनच मोजा. ‘साहेबांशी बोलतो’ या डीलरच्या मेसेजांनी ती वाढत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही. इतके महिने तुम्ही नेमकं काय करत होतात? निकाल ३ महिन्यांत, तपासणी असेल तर ५ महिन्यांत, असं कायदा म्हणतो. कायदाच म्हणतो.

तुमची कच्ची बाजू म्हणजे बॅटरी. ती १८ टक्क्यांवर होती, आभाळ भरलेलं होतं, म्हणजे ग्रिड गेल्यावर कंट्रोल बोर्डाला आधारच उरला नाही. आधी चार्ज करा, असं डीलरने सांगितलं होतं का, यावर भरपाई कमी-जास्त होऊ शकेल.

बदली इन्व्हर्टर मिळाला तर अपडेट उघडिपीच्या दिवशी, बॅटरी निम्म्याहून बरीच वर असताना आणि घरातला लोड उतरवून करा. मॉडेल आणि हार्डवेअर व्हर्जन फाइलशी जुळवा. बॅटरीचा प्रकार, चार्जिंग व्होल्टेज, ग्रिड कोड, एक्स्पोर्ट मर्यादा या स्क्रीनचे फोटो आधी काढा आणि अपडेटनंतर एकेक ताडून पाहा: सेटिंग कधीकधी परत लेड-अॅसिडवर जातं, तसं झाल्यास लिथियम बॅटरीचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) ट्रिप होऊ शकतो. आणि ‘अपडेट करा’ हे डीलरकडून ईमेलवर लिहून घ्या.