नॅनोट्यूबवर पीएच.डी. करू का?

प्रश्न : मी सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कार्बन नॅनोट्यूबवर, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांवर, रासायनिक गट जोडून त्या इपॉक्सी कंपोझिटमध्ये (इपॉक्सी रेझिनमध्ये दुसरा पदार्थ मिसळून केलेल्या साहित्यात) वापरायच्या, असा पीएच.डी.चा विषय एका सरांनी सुचवलाय. माझा भाऊ मेकॅनिकल इंजिनीअर आहे. तो म्हणतो, नॅनोची लाट ओसरली, आणि मटेरियल्समध्ये केमिस्ट्रीवाल्यांना विचारतं कोण? हा विषय घेऊ, की औषधनिर्मितीकडे वळू?

उत्तर : भावाचं पहिलं म्हणणं बऱ्यापैकी खरं आहे. १९९१मध्ये जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांचा या नळ्यांवरचा शोधनिबंध आला, त्यानंतर या नळ्यांकडून काय काय अपेक्षा केल्या गेल्या! आता नुसत्या ‘नॅनो’ शब्दावर कुणी भाळत नाही, आणि ते बरंच झालं. दुसरं म्हणणं मात्र साफ चूक.

एकट्या नॅनोट्यूबचा यंग्ज मोड्युलस (ताठपणाचं माप) सुमारे १ टेरापास्कल, म्हणजे पोलादाच्या पाचपट. तरीही ती इपॉक्सीत नुसती घोटली तर बहुतेकदा पदरी निराशाच येते. नळ्या व्हॅन डर वाल्स बलांमुळे एकमेकींना बिलगून न विंचरलेल्या केसांसारख्या गुंतलेल्या राहतात. त्यातून सुट्या झाल्याच, तर पृष्ठभाग इतका निष्क्रिय की रेझिनला धरायला काही मिळत नाही. ताण आला की नळी अलगद सुटून बाहेर येते. हे दुखणं रसायनाचं आहे, आणि त्यावरचा इलाज तुझ्या पाठ्यपुस्तकात आहे.

सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लाचं ३:१ मिश्रण घेतलं की नळीच्या टोकांवर आणि दोषांच्या जागी कार्बोक्सिल गट येतात. थायोनिल क्लोराइडने त्यांचं आम्ल क्लोराइड करायचं, मग डायअमाइन जोडायचं. त्याचं एक टोक नळीवर अमाइड होऊन बसतं, दुसरं मोकळं टोक इपॉक्सीचं कडं उघडून रेझिनशी बंध जोडतं. कागदावर हे तुला आत्ताच येतं.

प्रयोगशाळेत मात्र सवयीची हत्यारं निकामी होतात. पदार्थ खऱ्या अर्थाने विरघळतच नाही, त्यामुळे मिश्रण तपासायची टीएलसी नाही, पदार्थ वेगळे करायचा कॉलम नाही, रेणूची रचना सांगणाऱ्या एनएमआरचाही फारसा उपयोग नाही. काळा गाळ गाळताना फिल्टर तुंबतो, पीएच उदासीन होईपर्यंत धूत बसावं लागतं. पुरावा आडून गोळा करायचा : रामन वर्णपटात १३५० सेमी⁻¹ च्या आसपासचा, भिंतीतले दोष दाखवणारा डी बँड १५९० च्या, शाबूत भिंत दाखवणाऱ्या जी बँडच्या तुलनेत किती वाढला, टीजीएत (तापवत वजन मोजण्याच्या चाचणीत) कुठल्या तापमानाला किती वजन घटलं, बाटली रात्रभर ठेवल्यावर तळाशी काही बसलं का. स्वच्छ पांढरे स्फटिक हाती आल्याशिवाय तुला चैन पडत नसेल, तर औषधनिर्मितीच बरी. हे मी उपरोधाने म्हणत नाही; पाच वर्षांचा प्रश्न आहे, स्वभाव बघायलाच हवा.

शिवाय प्रत्येक जोडलेल्या गटाची किंमत मोजावी लागते. भिंतीवरचा कार्बन एसपी२ चा (तीन शेजाऱ्यांशी सपाट जोडलेला) एसपी३ (चौघांशी जोडलेला) झाला की वीजवहन घटतं. आम्लात जास्त वेळ उकळलं तर नळ्या तुटून आखूड होतात. म्हणून वहन टिकवायचं असेल तेव्हा साबणासारखा सर्फॅक्टंट किंवा पायरीनसारखा चपटा रेणू बंध न जोडता नुसता चिकटवतात. कुठे थांबायचं हे ठरवणं, हेच खरं या कामातलं कौशल्य.

प्रयोगशाळेची पारख करायची असेल तर सरांना एकच गोष्ट विचार : आम्लप्रक्रियेनंतर नळ्या अल्कलीने धुता का? ऑक्सिडेशनमध्ये तुटलेले बारीक तुकडे नळीवरच चिकटून बसतात, आणि ते धुतले नाहीत तर नळीवर आहेत असं वाटणारे बरेच गट प्रत्यक्षात त्या कचऱ्यावर असतात. प्रश्न ऐकून सरांचे डोळे चमकले तर जागा चांगली. तयार कंपोझिटची ताणचाचणी कुठे होते, तेही विचार. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या सुंदर टीईएम चित्रांवर थांबणाऱ्या प्रबंधांना उद्योगात फारसं कुणी विचारत नाही.

नोकरीच्या जाहिरातीत ‘नॅनोट्यूब’ हा शब्द शोधू नकोस. फॉर्म्युलेशन, डिस्पर्शन, पॉलिमर, सरफेस केमिस्ट्री हे शब्द शोध. लिथियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये वीजवाहक म्हणून नॅनोट्यूब आज प्रत्यक्ष वापरात आहेत, आणि तिथेही मुख्य डोकेदुखी त्या नीट विखुरण्याचीच. हेच शिक्षण ग्राफीन, सिलिका, कार्बन फायबर अशा कुठल्याही पृष्ठभागावर चालतं. क्युअरिंग (रेझिन कडक होणं) आणि ग्लास ट्रान्झिशन (तापवल्यावर ते मऊ पडणं) मात्र आत्तापासून वाचायला घे. सेंद्रियवाल्यांचं तिथेच अडतं.

आणखी एक, आणि यात तडजोड नको. कोरडी भुकटी हवेत उडते. लांब, ताठ, अनेकभित्ती नळ्या फुप्फुसात ॲस्बेस्टॉससारख्या वागू शकतात. अशा नळ्यांच्या एमडब्ल्यूसीएनटी-७ या प्रकाराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २बी गटात, म्हणजे माणसात कर्करोगाची शक्यता असलेल्यांत, टाकलं आहे. वजन करायचा काटा उघड्या टेबलावर दिसला, तर सर कितीही नावाजलेले असोत, तिथे जाऊ नकोस.