एम.टेक.चं वर्ष लग्नाच्या वयावरून ठरवू नका

सिंहगड रस्त्यावरून एका आईने लिहिलं आहे. मुलगी २६ वर्षांची, सिव्हिल इंजिनिअर, तीन वर्षं शिवाजीनगरला एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे नोकरी करते. एम.टेक. करायचं तिच्या मनात आहे, पण ‘अजून एक वर्ष थांबते’ म्हणते. आईचं म्हणणं, यंदाच नोकरी सोडून प्रवेश घ्यावा, म्हणजे २८ व्या वर्षी डिग्री हातात येईल आणि स्थळं बघता येतील. शिवाय शिक्षणातली गॅप वाढली की पुढे कोणतंही कॉलेज दारात उभं करणार नाही, ही धास्ती.

ताई, तुमच्या पत्रात मुलीच्या मार्कांवर एक ओळ आहे आणि स्थळांवर जवळजवळ पानभर मजकूर. मला काळजी वाटली ती याची. समोरच्या विंगमधली तिची मैत्रीण जर्मनीहून शिकून परत आली, मावसबहिणीचं ठरलं, नातेवाईक विचारतात. हे सगळं तुम्ही मला लिहिलंत, म्हणजे तिलाही रोज ऐकवत असणार. मग ‘एक वर्ष थांबते’ हे ती विचार करून म्हणते की जेवताना विषय संपावा म्हणून, हे तुम्हाला कळणार कसं? वय निघून चाललंय या धाकाने घेतलेलं एम.टेक. मुलं कशीबशी पूर्ण करतात. प्रबंधाचा विषय गाइड देईल तो घेतात आणि दोन वर्षांनी जुन्याच कामावर परततात.

पत्रात एक वाक्य मात्र तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटलं. ‘रात्री अकरा-अकराला आयएस १८९३ उघडून बसते आणि म्हणते, ईटॅब्समध्ये आकडे मी भरते, पण उत्तर असंच का आलं ते मला सांगता येत नाही.’ ताई, आयएस १८९३ हा भूकंपाचा कोड, म्हणजे इमारत भूकंपात टिकावी म्हणून ती कशी डिझाइन करायची याचे भारतीय नियम; आणि ईटॅब्स हे इमारतीचं गणित करून देणारं सॉफ्टवेअर. पुण्यात सोसायट्या पाडून त्या जागी उंच इमारती उभ्या राहताहेत आणि त्यातल्या एखादीचं मॉडेल तुमच्या मुलीच्या स्क्रीनवर असणार. तिला पडलेला प्रश्न खरा आहे. तो नोकरीतच पडला, डिग्रीनंतर लगेच एम.टेक.ला बसवली असती तर पडला नसता. एक वर्षात त्या प्रश्नाला आकार येणार असेल, तर ते वर्ष तिला द्या.

आता गॅपबद्दल. मधे वर्ष गेलेल्या मुलाकडून प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात आणि तेवढ्यावरून ही भीती घराघरांत बसली आहे. त्या कागदाचा हेतू एवढाच की मधल्या काळात दुसरीकडे प्रवेश घेतलेला नव्हता. तीन वर्षं पगारावर डिझाइनचं काम केलेली मुलगी ‘गॅप’वाली होत नाही. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेला वयाची अट नाही. कंपनीने प्रायोजित केलेल्या उमेदवारांसाठी आयआयटींमध्ये वेगळ्या जागा असतात आणि त्यासाठी नोकरीचा अनुभव मागतात. थांबण्याचा खरा तोटा वेगळा आहे आणि तो कोणी बोलत नाही: गणित विसरतं. डिफरन्शियल इक्वेशन्स, मॅट्रिक्स, स्ट्रक्चरल डायनॅमिक्स यांना हात लावला नाही तर पहिल्या सेमिस्टरला रडू येतं. दुसरा तोटा हप्त्यांचा. एकदा गाडीचा नाहीतर फ्लॅटचा ईएमआय सुरू झाला की पगार सोडवत नाही. हे दोन सांभाळले तर वर्षभराने काही बिघडत नाही.

परीक्षेचं सोपं आहे: गेट फेब्रुवारीत होते, स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो आणि त्यावर एम.टेक.ला प्रवेश घेतला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. म्हणजे येत्या फेब्रुवारीत परीक्षा देऊन टाकली तरी नोकरी लगेच सोडावी लागत नाही. भूकंप अभियांत्रिकीचाच ध्यास असेल तर आयआयटी रुरकीला त्याचा स्वतंत्र विभाग १९६० पासून आहे, तो तिने बघावा. फक्त ‘पुढच्या वर्षी बघू’ असं मोघम नको. गेटचा फॉर्म भरायचा आणि सकाळचा एक तास गणिताला, एवढं तिने आजच ठरवावं.

लग्नाचं म्हणाल तर तो विषय तिच्याशी वेगळा, दुसऱ्या दिवशी बोला. दोन्हींची गाठ मारलीत तर ती दोन्हींना नाही म्हणेल.

आणि पुढचं पत्र तिने लिहू दे. तुम्ही ते आधी वाचू नका. त्यात तिने मला तीन गोष्टी सांगाव्यात: ऑफिसातल्या कोणत्या कामात ती अडते, एम.टेक.ला कोणता विषय घेईल आणि घरी कोणीच विचारलं नसतं तर तिने कोणतं वर्ष निवडलं असतं.