मुलाच्या तळहात-तळपायांवर फोड आलेत, तोंडही आलंय. हा गुरांचा लाळ्या-खुरकूत आहे का? धाकट्या बाळाला होऊ नये म्हणून काय करू?

नाही. आपल्या बेळगाव-खानापूर भागात घरोघरी गुरं, म्हणून ही शंका येतेच. पण तो विषाणू वेगळा. म्हशीचं दूध बंद करू नका. पोरांचा हा आजार म्हणजे हँड-फूट-माउथ (हात-पाय-तोंडाचा आजार). तो बहुतेकदा कॉक्सॅकी ए१६ किंवा ए६ विषाणूचा, आणि तो माणसाकडूनच, बहुधा दुसऱ्या पोराकडून येतो: लाळ, शेंबूड, फोडातलं पाणी आणि शी.

शीचं कुणी मनावर घेत नाही. वडगावातल्या एका बालवाडीत पावसाळ्यात एकाला झालं आणि पंधरा दिवसांत निम्मा वर्ग घरी बसला. दारात सॅनिटायझरची बाटली होती. संडासाबाहेर मात्र एकच टब, सगळ्यांनी त्यातच हात बुडवायचे, आणि खिळ्याला एकच पंचा. दुपारपर्यंत पाणी गढूळ, पंचा ओलागच्च. मी बाईंना म्हटलं, टब काढा, तांब्यानं वरून पाणी ओता, साबण लावा. त्या म्हणाल्या, "सॅनिटायझर आहे की!" या विषाणूला चरबीचं आवरणच नसतं, त्यामुळे सॅनिटायझर इथं कमी पडतं. साबण त्याला कातडीवरून सोडवतो, वाहतं पाणी घेऊन जातं. माझं म्हणणं आजही तेच आहे.

खेळणी आधी साबणानं धुवा. मग लिटरभर पाण्यात ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण) २० मिली घालून १० मिनिटं बुडवा आणि साध्या पाण्यातून काढा. मळ राहिला तर क्लोरीन मळावरच खर्च होतं. पाणी रोज नवं करा.

बाळासाठी एवढंच: थोरल्याची शी धुतली की २० सेकंद साबण, मगच बाळाला हात. फोड ७ ते १० दिवसांत सुकतात, शीतून विषाणू पुढं कित्येक आठवडे पडतो. ताट-पेला, टॉवेल वेगळे.

"आई आली", म्हणजे देवीचा कोप झाला, म्हणून अंघोळ बंद करू नका. अँटिबायोटिकचा उपयोग नाही, ॲस्पिरिन तर नकोच. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिग्रॅ, दोन डोसांत निदान ६ तास. बाटलीवरचा आकडा वाचा: १० किलोच्या पोराला ५ मिलीत १२० मिग्रॅवाल्या औषधाचे ६ मिली होतात, २५० वाल्याचे ३ मिलीच. नाचणीची पेज गार करून द्या, तिखट-आंबट नको.

हो, एक राहिलं. ८ तास लघवी नाही, झोपेत सारखं दचकतंय, चालताना तोल जातोय, उलट्या थांबत नाहीत किंवा ताप ३ दिवसांपुढे गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. महिन्याभरानं एखादं नख सुटून आलं तर मात्र घाबरू नका, खालून नवं येतं.